मेडिकेअर, गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि ओपिऑइडविना वेदनाशमन: कायदा कुठवर पोचतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत मुलीकडे राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या ७३ वर्षांच्या आईचा गुडघा बदलायचा आहे. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकी सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्यविमा, आहे. आईला ओपिऑइडच्या, म्हणजे अफूवर्गातल्या गोळ्यांची धास्ती वाटते. 'ओपिऑइड सोडून बाकीच्या उपचारांचे पैसे मेडिकेअरने द्यायचे असा कायदा झालाय' असे कुणीतरी सांगितले आहे. हा कायदा नेमका काय देतो, आणि जे देतो ते पदरात पडायला काय करावे लागते?

असा कायदा झाला आहे, त्याचे नाव नोपेन, आणि तो उपयोगाचा आहे. पण तो ऑपरेशन थिएटरपुरता आहे. आई डिस्चार्ज घेऊन औषधाच्या दुकानात गेली की तिथे जुनाच हिशोब चालू असतो. त्यामुळे तयारी दोन वेगळ्या जागी करावी लागते. बहुतेक घरांत पहिल्या जागेची चौकशी होते आणि दुसरी राहून जाते.

आधी कायदा कशासाठी आला ते पाहू, म्हणजे त्याच्या मर्यादाही कळतील. बाह्यरुग्ण शस्त्रक्रियेसाठी मेडिकेअर रुग्णालयाला एकच ठोक रक्कम देते. त्यातच पट्ट्या, सलाईन, भुलीची औषधे आणि वेदनाशामके आली. भाग बधिर करणारे साधे बुपिवाकेन काही डॉलरांत मिळते, ओपिऑइडची गोळी त्याहून स्वस्त. सावकाश सुटणारे लायपोसोमल बुपिवाकेन (एक्सपारेल) मात्र काही शे डॉलरांचे. ते वापरले तर तो खर्च त्याच ठोक रकमेतून, म्हणजे रुग्णालयाच्या खिशातून जायचा. कुणाचा हेतू वाईट नसला तरी हिशोब ओपिऑइडच्या बाजूने झुकलेला होता. २०१८ च्या सपोर्ट कायद्याने मेडिकेअरला हे तपासायला सांगितले. त्यानंतर २०१९ पासून एक्सपारेलसारख्या औषधाचे वेगळे पैसे मिळू लागले, पण फक्त स्वतंत्र शस्त्रक्रिया केंद्रांना. रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग वगळलेलेच राहिले. ती उणीव नोपेन कायद्याने भरून काढली. डिसेंबर २०२२ मध्ये तो मोठ्या अर्थसंकल्पी कायद्याचा भाग म्हणून मंजूर झाला. त्याची मुदत १ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२७ अशी आहे. या तीन वर्षांत पात्र उत्पादनांचे पैसे दोन्ही ठिकाणी ठोक रकमेव्यतिरिक्त मिळतात. औषधांचा दर सरासरी विक्रीदर अधिक ६ टक्के असा धरतात.

पात्रतेची व्याख्या मुद्दाम अरुंद ठेवली आहे. औषध असेल तर एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) मान्य केलेल्या लेबलवरच शस्त्रक्रियेनंतरची वेदना कमी करणे किंवा त्या भागापुरती बधिरता आणणे हा उपयोग लिहिलेला हवा, आणि औषधाने शरीरातल्या ओपिऑइड ग्राहींवर (रिसेप्टरवर) काम करता कामा नये. उपकरण असेल तर त्याने ओपिऑइडचा वापर टळतो किंवा घटतो याचा पुरावा क्लिनिकल चाचणीतून किंवा समीक्षित नियतकालिकातून द्यावा लागतो. पात्र नावांची यादी मेडिकेअर वार्षिक नियमावलीत जाहीर करते. त्यात एक्सपारेल आहे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत वापरायचे ओमिड्रिया आहे, झिनरेलेफ आहे. पॅरासिटामोल, बर्फाची पिशवी, फिजिओथेरपी यांचा या कायद्याशी संबंध नाही.

पैशाला कमाल मर्यादाही आहे. ते उत्पादन ज्या पाच शस्त्रक्रियांत सर्वाधिक वापरले जाते, त्यांच्या सरासरी मेडिकेअर दराच्या १८ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मिळत नाही. समजा ती सरासरी २,००० डॉलर असली, तर ३६० डॉलरच्या पुढचा खर्च रुग्णालयाचा. मुख्यतः गुडघेबदलीसारख्या मोठ्या शस्त्रक्रियांत वापरल्या जाणाऱ्या उत्पादनांना ही मर्यादा सहसा आड येत नाही. लहानसहान शस्त्रक्रियांतल्या उत्पादनांना येऊ शकते.

आता आईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शस्त्रक्रिया 'इनपेशंट' (दाखल रुग्ण) नोंदली जाणार की 'आउटपेशंट' (बाह्यरुग्ण)? गुडघेबदल २०१८ पासून केवळ इनपेशंटच्या यादीतून बाहेर आला आहे आणि २०२० पासून स्वतंत्र केंद्रातही करता येतो. तेच रुग्णालय, तोच सर्जन, तोच पलंग, फक्त नोंद 'इनपेशंट' झाली की पैसे वेगळ्या ठोक पद्धतीने मिळतात आणि नोपेन कायदा तिथे लागूच होत नाही. मुक्काम दोन मध्यरात्री ओलांडेल असे डॉक्टरांना वाटले तर साधारणपणे इनपेशंट नोंद होते. एक रात्र रुग्णालयात काढली म्हणजे इनपेशंट, असे मात्र नाही. म्हणून सर्जनच्या कार्यालयाला नेमका हाच प्रश्न विचारा: 'नोंद कोणती होणार आहे?'

भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत या नोंदीला आणखी एक पदर आहे. ६५ च्या पुढे आणि ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षे राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येते. पण स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नोकरीच्या ४० तिमाह्या भरलेल्या नसतील तर पार्ट ए चा, म्हणजे रुग्णालयातल्या मुक्कामाच्या विम्याचा, हप्ता २०२५ मध्ये महिना ५१८ डॉलरपर्यंत जात होता. म्हणून काही कुटुंबे फक्त पार्ट बी घेतात. तसे असेल तर बाह्यरुग्ण शस्त्रक्रिया पार्ट बी मध्ये बसते, पण इनपेशंट मुक्कामाला आधार उरत नाही, कारण तो पार्ट ए चा विषय. अशा घरात हा प्रश्न औषधापुरता नसून सगळ्या बिलाचा आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेनंतर नर्सिंग फॅसिलिटीत राहावे लागणार असेल तर मूळ मेडिकेअरला आधी तीन दिवसांचा इनपेशंट मुक्काम लागतो. एका इंजेक्शनचे पैसे वेगळे मिळावेत म्हणून आउटपेशंटचा आग्रह धरणे शहाणपणाचे नाही. आईची तब्येत, घरातले जिने आणि रात्री सोबतीला कोण आहे, यावरून ठरवा.

मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फत मेडिकेअर देणारा प्लॅन असेल तर चित्र बदलते. मूळ मेडिकेअर जे देते ते प्लॅनला द्यावेच लागते, पण रुग्णालयाला किती आणि कसे पैसे द्यायचे हे त्यांच्या आपसातल्या करारावर ठरते. करारात ठोक रक्कमच असेल तर कायद्याचा फायदा रुग्णालयापर्यंत पोचत नाही. शिवाय असे प्लॅन पार्ट बी च्या औषधांवर पूर्वमंजुरी आणि स्टेप थेरपी लावू शकतात. स्टेप थेरपी म्हणजे आधी स्वस्त औषध वापरून पाहा, मग हे. पूर्वमंजुरी लागत असेल तर ती शस्त्रक्रियेच्या तारखेआधी दोन-तीन आठवडे मागितलेली बरी. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी भूलतज्ज्ञाला सांगून काही होत नाही.

रुग्णालयातही घोळ होतात. औषध रुग्णालयाच्या स्वतःच्या यादीत आलेलेच नसते, कारण त्यांच्या समितीने जुन्या हिशोबावर ते नाकारलेले असते आणि कायद्यानंतर पुन्हा विचार केलेला नसतो. बिलिंगमध्ये जुना कोड जातो. एक्सपारेलचा कोड १ जानेवारी २०२५ पासून जे०६६६ आहे आणि तो मिलिग्रॅमवर मोजतात, कुपीवर नाही. २६६ मिलिग्रॅमच्या कुपीसाठी एकक '१' लिहिले तर जवळजवळ काहीच मिळत नाही. एका वापराच्या कुपीतले उरलेले औषध टाकले तर जेडब्ल्यू आणि काहीच न उरल्यास जेझेड अशी खूण लागते, ती विसरली की बिल परत येते. ही कामे रुग्णालयाची आहेत. पण पैसे मिळाले नाहीत की पुढच्या रुग्णासाठी तेच औषध 'परवडत नाही' ठरते. म्हणून सर्जन किंवा नर्स कोऑर्डिनेटरला 'तुमच्याकडे नोपेनखाली कोणती उत्पादने वापरता?' असे विचारणे वाजवी आहे. या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळाले तर तिथली यंत्रणा लागलेली आहे असे समजायला हरकत नाही.

रुग्णाच्या खिशाचेही पाहा. वेगळे पैसे म्हणजे वेगळा २० टक्के वाटाही आला. औषधाचे मेडिकेअरने ४०० डॉलर मान्य केले तर ८० डॉलर रुग्णाचे, पार्ट बी ची वार्षिक वजावट, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम (२०२५ साठी २५७ डॉलर), भरून झाल्यावर. मेडिगॅप, म्हणजे मूळ मेडिकेअरला जोडून घेतलेला खासगी पूरक विमा, असेल तर तो बहुधा हे उचलतो, पण मेडिगॅपसाठी पार्ट ए आणि बी दोन्ही लागतात.

आता एक्सपारेल खरोखर घ्यावेच का? गुडघ्यासाठी अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉकमध्ये (मांडीतल्या नसेजवळ इंजेक्शन देऊन गुडघा बधिर करण्यात) त्याचा वापर नोव्हेंबर २०२३ पासून लेबलवर आहे: १३३ मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिलिटर, त्यात ०.५ टक्क्यांचे साधे बुपिवाकेन १० मिलिलिटर मिसळून. मात्र साध्या बुपिवाकेनने नीट दिलेल्या ब्लॉकच्या तुलनेत त्याचा जादा फायदा अनेक अभ्यासांत लहानच दिसला आहे. पैसे वेगळे मिळतात म्हणजे औषध श्रेष्ठ, असे नव्हे. कुशल भूलतज्ज्ञाने अल्ट्रासाउंडखाली दिलेला साधा ब्लॉक, सर्जनने सांध्याभोवती दिलेली इंजेक्शने आणि घड्याळाच्या काट्यावर दिलेल्या गोळ्या, या तिन्हीचे वजन कुठल्याही एका महाग कुपीपेक्षा जास्त आहे. ब्लॉक उतरताना वेदना एकदम उसळते, आणि ती वेळ बहुधा रात्रीची, घरी असतानाची असते. ब्लॉक साधारण किती तासांनी उतरेल ते विचारून लिहून ठेवा आणि त्याआधीच गोळ्या सुरू ठेवा.

काही ठिकाणी शस्त्रक्रियेआधी गुडघ्याच्या पुढच्या बाजूच्या त्वचेजवळच्या संवेदी नसा आयोवेरा नावाच्या हातात धरायच्या उपकरणाने गोठवतात. नस पुन्हा वाढते, परिणाम काही आठवडे ते तीन महिने टिकतो. याची वेळ शस्त्रक्रियेपूर्वी ठरवावी लागते, त्यामुळे आयत्या वेळी मागून मिळत नाही.

आता दुसरी जागा, औषधाचे दुकान. इथे नोपेन कायदा लागू नाही. घरी घ्यायच्या गोळ्या पार्ट डी मध्ये येतात आणि पार्ट डी चे प्लॅन खासगी कंपन्या चालवतात. हायड्रोकोडोनसारखी जेनेरिक ओपिऑइड गोळी प्लॅनच्या दरांच्या स्वस्त पायरीवर असते, काही डॉलरांत आणि विनातक्रार मिळते. पॅरासिटामोल आणि १ टक्क्याचे डायक्लोफेनॅक जेल तिथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतात, म्हणून पार्ट डी त्यांचे पैसे सहसा देत नाही. सर्वांत सुरक्षित औषध स्वतःच्या पैशाने आणि जोखमीचे औषध विम्यातून, अशी ही उलटी रचना आहे. वयस्कर माणसाच्या बाबतीत ती जास्तच जाचते. बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा, तोल जाऊन पडणे, झोपेत श्वास मंदावणे, हे सगळे ७० च्या पुढे लवकर होते. सोबत गॅबापेंटिन (नसांच्या वेदनेचे औषध) दिले असेल तर धोका आणखी वाढतो. एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये त्याबद्दल इशारा दिलेला आहे. 'ओपिऑइड कमी व्हावे म्हणून' गॅबापेंटिन जोडण्याची सवय अजून दिसते, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर दोन्ही नावे एकत्र दिसली तर जरूर विचारा.

३० जानेवारी २०२५ ला एफडीएने सुझेट्रिजिन (जर्नावेक्स) ही गोळी मंजूर केली. मध्यम ते तीव्र, पण अल्पकाळच्या वेदनेसाठी. ती नसांमधल्या एनएव्ही १.८ या सोडियम वाहिनीवर काम करते, ओपिऑइड ग्राहींवर नाही. पहिला डोस १०० मिलिग्रॅम उपाशीपोटी, जेवणाआधी किमान तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. पुढे दर १२ तासांनी ५० मिलिग्रॅम. १४ दिवसांपलीकडे तिचा अभ्यास झालेला नाही. मंजुरीच्या वेळी ५० मिलिग्रॅमच्या गोळीची जाहीर किंमत १५.५० डॉलर होती. ७ दिवसांना १५ गोळ्या, म्हणजे २३२.५० डॉलर. १४ दिवसांना २९ गोळ्या, ४४९.५० डॉलर. मुख्य चाचण्या पोटाच्या त्वचेच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियांवर झाल्या, गुडघेबदलावर नाही. तिथे ती प्लॅसिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सरस ठरली, हायड्रोकोडोन-पॅरासिटामोलच्या जोडगोळीपेक्षा नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल अशी औषधे चालू असतील तर ती देत नाहीत. बीपीसाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल तर डोस कमी करावा लागतो. ग्रेपफ्रूट बंद. सांधेदुखीच्या रोजच्या त्रासासाठी ही गोळी नाही.

ती पार्ट डी मध्ये मिळेल का हे प्लॅनच्या यादीवर, म्हणजे फॉर्म्युलरीवर अवलंबून आहे. शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी यादीत नाव पाहा. नसेल तर डॉक्टरांनी 'फॉर्म्युलरी एक्सेप्शन' मागायचे. प्लॅनने ७२ तासांत, तातडीचे असेल तर २४ तासांत उत्तर द्यायचे असते. पण हे घड्याळ डॉक्टरांचे कारण सांगणारे निवेदन पोचल्यावर सुरू होते, रुग्णाच्या फोनने नाही. अनेक अर्ज इथेच अडकतात. निवेदनात 'रुग्णाला ओपिऑइड नको' एवढेच लिहिले तर नकार येतो. पूर्वी ट्रामाडॉल या ओपिऑइडने झालेला गोंधळलेपणा, झोपेत श्वास थांबण्याचा आजार, किडनीच्या तपासणीचे आकडे ज्यामुळे सेलेकोक्सिब (सूज आणि वेदना कमी करणारी ओपिऑइडेतर गोळी) चालत नाही, वर्षभरात किती वेळा पडणे झाले, अशी तारखेसह कारणे हवीत. एक खाच अशी की एक्सेप्शनने मिळालेल्या, यादीबाहेरच्या औषधाला नंतर खालच्या, स्वस्त पायरीवर आणायचा अर्ज करता येत नाही. नकार आला तर ६५ दिवसांत फेरविचार मागता येतो. उत्पन्न कमी असेल तर 'एक्स्ट्रा हेल्प'साठी अर्ज करा. तिथे २०२५ मध्ये ब्रँडेड औषधाचा कोपे (रुग्णाचा वाटा) कमाल १२.१५ डॉलर होता.

लिडोकेनचा ५ टक्क्यांचा पॅच हे अशा नकाराचे नेहमीचे उदाहरण. लेबलवर तो नागिणीनंतरच्या वेदनेसाठी आहे. गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी लिहिला तर पार्ट डी नाकारते, आणि अपील करूनही सहसा उपयोग होत नाही, कारण मान्य उपयोगाबाहेरच्या औषधाला पैसे द्यायला कायदाच मनाई करतो. ४ टक्क्यांचा पॅच प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. अपिलात वेळ घालवण्यापेक्षा तो घ्या. शस्त्रक्रियेच्या ताज्या जखमेवर मात्र लावू नका.

ओपिऑइड अजिबात घ्यायचेच नाही, हा हट्टही बरा नाही. वेदनेने आई गुडघा वाकवेना झाली तर सांधा आखडतो, आणि ते नुकसान चार गोळ्यांपेक्षा मोठे आहे. पॅरासिटामोल दर ८ तासांनी १ ग्रॅम, दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत, वेळापत्रकाने. किडनी, हृदय आणि रक्त पातळ करणारी औषधे पाहून सेलेकोक्सिब. बर्फ, पाय उंच ठेवणे. आणि ओपिऑइड फक्त व्यायामाआधी किंवा रात्री सहनच होत नसेल तेव्हा. हायड्रोकोडोनच्या गोळीत पॅरासिटामोल मिसळलेलेच असते, ते ३ ग्रॅममध्ये धरा. पहिल्यांदाच ओपिऑइड घेणाऱ्याला पार्ट डी एका वेळी ७ दिवसांपेक्षा जास्त देत नाही. तेवढ्याही घ्यायला हव्यात असे नाही. २०१६ च्या केंद्रीय कायद्यानुसार रुग्ण स्वतः सांगून थोड्याच गोळ्या घेऊ शकतो. उरलेल्या प्रिस्क्रिप्शनच्या तारखेपासून ३० दिवसांत मागता येतात, राज्याचा कायदा आड येत नसेल तर. ३० गोळ्या लिहिल्या असतील तर काउंटरवर '८ द्या' म्हणा.

आणि आईची बॅग तपासा. आपल्याकडून आणलेल्या अ‍ॅसेक्लोफेनॅक-पॅरासिटामोलच्या पट्ट्या, कधी निमेसुलाइड, हमखास सापडते. ही दोन्ही नावे अमेरिकेत मंजूर नाहीत, त्यामुळे तिथल्या संगणकात सापडत नाहीत आणि औषधांच्या यादीत येत नाहीत. सेलेकोक्सिबबरोबर अ‍ॅसेक्लोफेनॅक घेतले तर पोटात रक्तस्राव आणि किडनीला इजा, दोन्ही होऊ शकते. त्यात पॅरासिटामोलही दुप्पट होते. 'घरची गोळी' म्हणून ती सांगितलीच जात नाही. पट्टीचा फोटो शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत नर्सला दाखवा.

शस्त्रक्रिया पुढे ढकलायची असेल तर मेडिकेअरमध्ये आधीपासून असलेल्या सोयी वापरा. फिजिओथेरपीवरची कडक वार्षिक मर्यादा २०१८ मध्ये उठली. ठराविक रकमेपुढे थेरपिस्टने गरज नोंदवून केएक्स ही खूण लावायची असते. तीन महिन्यांहून जुन्या वेदनेसाठी डॉक्टरांना २०२३ पासून महिनावार वेदना व्यवस्थापनाचा वेगळा कोड, जी३००२, मिळाला आहे. त्याला पहिल्या महिन्यात किमान ३० मिनिटांची प्रत्यक्ष भेट लागते. अ‍ॅक्युपंक्चर २०२० पासून मिळते, पण फक्त जुनाट कंबरदुखीसाठी: ९० दिवसांत १२ वेळा, सुधारणा दिसली तर आणखी ८. गुडघ्यासाठी नाही.

औषधाच्या दुकानातली दरी बुजवण्यासाठी वेगळे विधेयक आहे, 'अल्टरनेटिव्ह्ज टू पेन अ‍ॅक्ट'. ते २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, मांडले गेले. तीव्र वेदनेच्या पात्र ओपिऑइडेतर औषधांना पार्ट डी मध्ये वजावट लागू नये, रुग्णाचा वाटा सर्वांत खालच्या पायरीचा असावा, 'आधी ओपिऑइड घेऊन पाहा' अशी अट आणि पूर्वमंजुरी नसावी, असा त्याचा गाभा आहे. हे लिहिताना ते विधेयकच आहे, कायदा नाही. काही राज्यांनी असे समानतेचे कायदे केले आहेत, पण ते पार्ट डी ला लागू होत नाहीत, कारण तिथे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. म्हणून राज्याच्या प्रतिनिधीपेक्षा आपल्या काँग्रेस सदस्याला आणि दोन्ही सिनेटरांना लिहिणे जास्त उपयोगाचे. नागरिकत्व नसले तरी लिहिता येते.

पत्र लहान ठेवा: रुग्णाचे वय, शस्त्रक्रिया, प्लॅनने नाकारलेले औषध, नकाराचे लेखी कारण, आणि त्याच प्लॅनने त्याच दिवशी ओपिऑइड किती डॉलरात दिले तो आकडा. दोन आकडे शेजारी आले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नोपेन कायद्याची मुदत वाढवावी, हीही मागणी त्यातच घाला. शिवाय मेडिकेअर दरवर्षी साधारण जुलैत बाह्यरुग्ण दरांचा मसुदा काढते, त्यावर ६० दिवस कुणालाही सूचना पाठवता येतात आणि पात्र उत्पादनांची यादी त्याच प्रक्रियेत ठरते. मसुदा पुढच्या वर्षाचा असतो, त्यामुळे ३१ डिसेंबर २०२७ ची मुदत पाहता २०२६ चा उन्हाळा त्यासाठी महत्त्वाचा.